गाडीवर आलेला आळ

मिस्त्रीचं खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक होतं आणि वीजबिलाला. बाकी गल्लीसाठी तो ‘सबूर मिस्त्री’. गाडी गॅरेजच्या दारात आली की गिऱ्हाइकाला वाटतं, यानं झटकन बॉनेट उघडावं, मुंडकं आत घालावं, गाडी बनवणाऱ्याला दोन शिव्या हासडाव्यात, म्हणजे आपल्या जिवाला बरं वाटेल. हा मात्र बोळ्याला हात पुसत तिथेच उभा राहणार आणि म्हणणार, ‘‘सबूर.’’ त्याची बायको शपथेवर सांगायची की लग्नाच्या नोंदणीची सही करतानासुद्धा हा पेन हातात धरून ‘सबूर’ म्हणाला होता. पेन गळतंय का ते बघत होता म्हणे. तेवढ्या वेळात तिच्या वडिलांचं रक्त आटलं.

पण या सबुरीमागे एक शिस्त होती. मालकाच्या शेजारी बसून एक फेरी मारल्याशिवाय तो गाडीचा एक नटही सैल करत नसे. ‘‘गाडी खोटं बोलत नाही,’’ तो म्हणायचा. ‘‘मालक बोलतो. आणि तोही मुद्दाम नाही. त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नसतं.’’ हे तो इतक्या वेळा म्हणायचा की ऐकणाऱ्यांनी ऐकणं सोडलं होतं. म्हणता म्हणता त्यानं स्वतःही सोडलं असावं, नाहीतर त्या आठवड्यातली गोष्ट पहिल्याच दिवशी त्याच्या ध्यानात आली असती.

त्याच्या थोरल्या ताईचा नवरा म्हणजे गल्लीतले ‘हाफक्लच’. मिस्त्रीचे भावोजी. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मालट्रकवर घालवली, तीही घाटात. भरलेला ट्रक चढावर थोपवून धरायचा तर क्लच अर्धा दाबून बसावं लागतं. तसा त्यांचा डावा पाय बसला आणि मग उठलाच नाही. लोक म्हणायचे, हाफक्लच जेवायला बसले तरी टेबलाखाली क्लच चाचपतात. ट्रक सुटल्यावर त्यांनी एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. करड्या रंगाची, लांब नाकाची, आत बसलं की सोफ्यात बुडाल्यासारखं. पायाशी दोनच पेडल, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक. क्लच नसलेली गाडी हाफक्लचनं घ्यावी, हा विनोद गल्लीनं वर्षभर पुरवून पुरवून खाल्ला.

माणूस गमत्या. कुजबुजले तरी कोपऱ्यावर ऐकू जाईल असा आवाज. गोड खाण्यात कुणाला हार जायचे नाहीत. ताई म्हणाली, ‘‘एकदा साखर तपासून घ्या,’’ की उत्तर तयार: ‘‘साखर माझ्या जिभेवर आहे, ती रक्तात कशाला उतरेल?’’ शेजारीपाजारी हसायचे. ताई हसायची नाही.

तर बुधवारी सकाळी ती करडी गाडी गॅरेजच्या दारात येऊन थांबली आणि भावोजींनी काच खाली केली.

‘‘शालक महाराज, हिला हुडहुडी भरलीय.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे साठच्या पुढे गेलं की थरथरते. दगडगोट्यांवरून चालल्यासारखी. आणि रस्ता बघशील तर आरसा! जरा वेळ थरथरणार, मग गप्प. पुन्हा थरथर.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘आठवडा असेल. महिना असेल. कधीपासून काय विचारतोस, पोलिसासारखं? रविवारी पोरीला आणायचंय, तोवर नीट कर.’’

हे मात्र गमतीचं नव्हतं. मिस्त्रीच्या भाचीच्या पाठीच्या मणक्यांचं ऑपरेशन झालं होतं, घाटापलीकडच्या शहरात. रविवारी तिला सोडणार होते. डॉक्टरांनी बजावलं होतं: झोपवून न्या, आणि धक्का लागता कामा नये. मिस्त्रीनं अ‍ॅम्ब्युलन्स सुचवून बघितली होती. भावोजी उखडले होते. ‘‘अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे चाकं लावलेला खोका. माझी पोर त्यात हिंदकळत येणार? या गाडीच्या मागच्या सीटवर ती पाण्यावरून तरंगत येईल. आणि चालवणार मी. त्या घाटाचं वळण न् वळण माझ्या पायात आहे.’’

पायात. मिस्त्रीला तो शब्द नंतर फार दिवस छळणार होता.

दोघं फेरीला निघाले. भावोजी चालवायला, मिस्त्री शेजारी, नजर समोरच्या काट्यांवर. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर वेग साठ-पासष्टला पोचला आणि गाडी खरंच थरथरली. सीटखालून, हाडांतून. इंजिनच्या फेऱ्यांचा काटा टुणकन वर उडाला, खाली बसला, पुन्हा उडाला.

‘‘लॉकअप,’’ मिस्त्री म्हणाला.

‘‘कुणाला?’’

‘‘तुम्हाला नाही हो. टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप.’’ आणि त्यानं गिऱ्हाइकांना सांगायचा तसा समजावून सांगितला. दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक सुरू केला की त्याच्या वाऱ्यानं दुसराही गरगरतो. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल. एक पंखा इंजिन फिरवतं, दुसरा चाकांकडे जातो, मधे क्लच लागत नाही. पण वाऱ्यावर चालणारा संसार थोडा उधळाच. थोडी ताकद वाया जाते. म्हणून गाडी वेगात आली की आतली एक चकती दोन्ही पंख्यांना एकमेकांचा हात धरायला लावते. तो लॉकअप. ब्रेकला पाय लागला रे लागला की हात सुटतो, नाहीतर थांबताना इंजिन गुदमरून बंद पडेल.

‘‘आणि हिचं काय झालंय?’’

‘‘ही हात धरतेय, सोडतेय. धरतेय, सोडतेय.’’

‘‘मग तुझ्या ताईसारखंच झालं,’’ भावोजी खदखदून हसले. ‘‘लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून तिचं ठरत नाहीये.’’

परतताना मिस्त्री एकटा चालवत आला. भावोजी वाटेत बाजारात उतरले होते. त्यानं साठ केले. सत्तर केले. चढ घेतला, उतार घेतला. गाडी दुधावरच्या सायीसारखी. काटा जागचा हलला नाही.

हे असं होतं. डॉक्टरच्या दारात पोचलं की दात दुखायचा थांबतो, तशा गाड्याही लबाड असतात. मिस्त्रीनं मनावर घेतलं नाही. गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी काढून बघितली. तेल लाल, स्वच्छ, जळका वास नाही. चकती झिजली असती तर तेल काळवंडलं असतं. तो पट्टी नाकाशी धरून बराच वेळ उभा राहिला. जळका वास आला असता तर त्याला आवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं लॉकअपच्या तारेला एक छोटा दिवा जोडला आणि डॅशबोर्डवर चिकटपट्टीनं चिकटवला. गाडीचा कॉम्प्युटर ‘हात धर’ म्हणाला की दिवा लागणार, ‘सोड’ म्हणाला की विझणार. पुन्हा भावोजी चालवायला बसले. साठ झाले, थरथर सुरू झाली. आणि दिवा डोळे मिचकावू लागला. लागला, विझला. लागला, विझला. थरथरीच्या तालावर.

‘‘दिवाळं वाजलं का?’’ भावोजींनी विचारलं.

‘‘उलट. चकती निर्दोष आहे. ती बिचारी हुकूम पाळतेय. हुकूम देणाराच चळलाय.’’

‘‘मग धर त्याचा कान!’’

कान धरायला गेल्यावर समजलं की हुकूम देणाऱ्यालाही कुणीतरी सांगत होतं. कॉम्प्युटर ‘सोड’ कधी म्हणतो? इंजिन थंड असलं तर. ते गरम होतं. ॲक्सिलरेटर सोडला तर. तो दाबलेला होता. नाहीतर ब्रेक लागला तर. ब्रेकच्या पेडलपाशी एक स्विच असतो. पेडल केसभर जरी हललं तरी तो मागचे लाल दिवे लावतो आणि लॉकअप सोडवतो. जुना झाला, ढिला झाला की धक्क्यानंच बोलू लागतो. सापडला चोर! शुक्रवारी दुपारी मिस्त्रीनं डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून नवा स्विच बसवला. खालचं झाकण परत लावताना एक टोकदार स्क्रू हातातून निसटला, तो काही सापडेना. चटईखाली बघितलं, सीटखाली बघितलं. हरवलेला स्क्रू म्हणजे मिस्त्रीच्या दातात अडकलेला दोरा. पण भावोजी बाहेरून हॉर्न वाजवायला लागले. ‘‘अरे, उरलेले स्क्रू तुझ्या डोक्यात बसव आणि चल!’’

भावोजींनी गाडी बाहेर काढली. शेजारी बसण्याआधी मिस्त्रीनं गाडी उभी राहायची त्या जागी मोठा पुठ्ठा पसरून ठेवला; परत आल्यावर कुठून काही गळतंय का तेही एकदा बघून घ्यावं.

सरळ रस्ता. पन्नास. साठ. दिवा लागला, स्थिर राहिला. मिस्त्रीनं सुस्कारा सोडला.

दिवा विझला. गाडी थरथरली.

या वेळी मिस्त्रीनं काट्याकडे बघितलं नाही. तीन दिवसांत पहिल्यांदाच तो वाकून खाली, पायांकडे बघत होता.

उजवा पाय ॲक्सिलरेटरवर. आणि डावा ब्रेकच्या रुंद पेडलवर. दाबलेला नाही. नुसता पडलेला, मांजर पायपुसण्यावर पडावं तसा. चप्पल निघून बाजूला उलटी झालेली. गाडी जराशी डुलली की पाय डुलायचा, पेडल केसभर हलायचं, दिवा विझायचा.

मिस्त्रीला आधी हसूच फुटलं. ‘‘हाफक्लच ते हाफक्लचच! भावोजी, पाय काढा की ब्रेकवरून.’’

‘‘कुठला पाय?’’

‘‘डावा.’’

‘‘तो कुठे ब्रेकवर आहे? तो खाली कोपऱ्यात आहे. माझा पाय कुठे आहे ते मला माहीत नाही होय रे?’’

ज्याला पाय टेकवून बसायची खोड असते, त्याला सांगितलं की तो दचकून पाय उचलतो. ओशाळतो, शिवी देतो, पण उचलतो. भावोजींनी उचलला नाही. त्यांच्या लेखी उचलायला तिथे काही नव्हतंच. ते समोर बघत आरामात चालवत होते आणि पाय तिथेच पडून होता. मिस्त्रीचं हसू तोंडातच आंबलं.

‘‘एकदा खाली बघा तर.’’

‘‘चालवताना खाली बघू? आता तू मला गाडी शिकव.’’

दिवा लागला. विझला.

गॅरेजात गाडी पुठ्ठ्यावर उभी राहिली. भावोजी उतरले, चप्पल आतच राहिली, आणि एका पायानं अनवाणी ते पंख्याखालच्या खुर्चीकडे गेले. जाता जाता गल्लीतल्या चष्मेवाल्या दुकानदाराचा किस्सा सांगत होते: कसा त्यानं स्वतःचाच चष्मा डोक्यावर ठेवून गिऱ्हाइकाला चोर ठरवलं. मिस्त्री ऐकत नव्हता. त्याची नजर पुठ्ठ्यावर होती. चालकाच्या दाराखाली, पुठ्ठ्याच्या कडेला, लाल थेंब.

त्याच्या अंगातून अशी काही सुखाची लहर गेली की सांगता सोय नाही. गिअरबॉक्सचं तेल लालच असतं! म्हणजे गळती आहे. म्हणजे तेल कमी, दाब कमी, लॉकअप कच्चा. म्हणजे पाय बिय सगळे मनाचे खेळ, आणि गाडीच लबाड, गाडीच नालायक. तो गुडघ्यावर बसला आणि बोटानं थेंब उचलला. दोन बोटांत चोळला.

तेल बोटांत सरकतं. हे चिकटलं.

त्यानं नाकाशी नेलं. मग दुसरा थेंब शोधला. तो गाडीखाली नव्हता. गाडीपासून लांब, खुर्चीच्या दिशेनं होता. तिसरा त्याच्या पुढे. थेंब चालत चालत खुर्चीपाशी गेले होते.

‘‘...आणि गिऱ्हाईक म्हणतं कसं, तुमच्याच डोक्यावर आहे की साहेब!’’ भावोजींनी किस्सा संपवला आणि मांडीवर थाप मारून हसले. ‘‘अरे, हस की. मेलंय का कुणी?’’

‘‘डावा पाय वर घ्या.’’

तळव्यात, टाचेच्या जरा पुढे, तो हरवलेला स्क्रू होता. डोक्यापर्यंत रुतलेला. फेरीभर तो तिथेच असणार. पेडलवर, पाय डुलत असताना.

मिस्त्रीनं पकडीनं तो ओढून काढला. काढताना त्यानं भावोजींच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते पायाकडे असे बघत होते, जसं कुणी शेजाऱ्याच्या अंगणात पडलेल्या वस्तूकडे बघावं. मग मिस्त्री आपल्याकडे बघतोय हे ध्यानात आलं आणि ते म्हणाले, ‘‘आई गं!’’ स्क्रू तोवर मिस्त्रीच्या हातात होता.

‘‘लोक तुझ्याकडे गाड्यांचे स्क्रू बसवून घेतात,’’ ते म्हणाले, ‘‘तू मलाच बसवलास.’’

मिस्त्रीनं जखम धुतली, पट्टी बांधली. बोटांना हात लागला तेव्हा ती गार होती, आणि दुसऱ्या बोटाचा रंग त्याला आवडला नाही. काय बोलावं? ज्या माणसाचा सगळा डौल या एका पायात होता, घाटात लोक ज्याच्या मागे गाडी ठेवून सुखानं उतरायचे, त्याला सांगायचं की भावोजी, तुमचा पाय तुमच्याकडे राहिलेला नाही? मिस्त्रीनं कधी नव्हे ती सबुरी सोडली आणि जे तोंडाला आलं ते बोलून गेला.

‘‘कन्व्हर्टर गेलाय. गाडी ठेवून जा. ही आता चालवायची नाही.’’

‘‘मग रविवारी?’’

‘‘रविवारी मी बघतो काहीतरी.’’

भावोजींचा चेहरा पडला, पण खाली कुठेतरी तो सैलही झाला. मिस्त्रीला ते दिसलं. गाडी बिघडलीय हे ऐकून बरं वाटणारा मालक त्यानं उभ्या जन्मात बघितला नव्हता. ‘‘तरी म्हटलं,’’ ते म्हणाले, ‘‘माझं काही चुकत असतं तर मला समजलं नसतं का?’’ आणि लंगडत नाही, अगदी ताठ चालत, घरी गेले. लंगडले असते तर बरं झालं असतं.

मिस्त्रीला आपली युक्ती झकास वाटली. आळ गाडीवर, गाडी काही मान खाली घालून बसणार नाही. रविवारी आपण कुणाची तरी गाडी घेऊन भाचीला आणू. मग सवडीनं ताईशी बोलू, मग डॉक्टर. सगळं कसं हळूहळू, नट सैल करावा तसं.

शनिवारी दिवे लागायच्या वेळी ताई गॅरेजात आली. धापा टाकत, हातात घराची किल्ली तशीच.

‘‘अरे, चष्मेवाल्याची गाडी आणलीय त्यांनी. दारात उभी आहे. पहाटे निघायचं म्हणतात.’’

‘‘कोण चालवणार?’’

‘‘कोण म्हणजे? तेच. म्हणतात, साधी गाडी आहे, क्लचवाली, माझ्या सवयीची. मेव्हण्याला कशाला त्रास.’’

मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला. क्लच नसलेल्या गाडीतून उठवून त्यानं स्वतःच्या जिभेनं त्यांना क्लचवाल्या गाडीत नेऊन बसवलं होतं. तीन पेडल, आणि तिसऱ्यावर तो पाय. आणि पुढे घाट. आणि मागच्या सीटवर टाके घातलेली पोर.

तो धावला. त्याला धावताना गल्लीनं पहिल्यांदाच बघितलं. दोघी-तिघींनी खिडक्या उघडल्या.

गाडी ताईच्या घराच्या पांढऱ्या भिंतीकडे पाठ करून उभी होती. भावोजी आत बसून सीट पुढे-मागे सरकवत होते, गाणं गुणगुणत. नवं खेळणं मिळाल्यासारखे. मिस्त्री दार उघडून शेजारी बसला. ताई मागे भिंतीपाशी उभी राहिली. पुढे यायची तिची हिंमत होत नव्हती.

‘‘किल्ली फिरवा,’’ मिस्त्री म्हणाला. ‘‘इंजिन नको. आणि डोळे मिटा.’’

‘‘लपाछपी खेळायचं वय आहे का रे हे?’’

‘‘भावोजी. मिटा.’’

त्याचा आवाज ऐकून त्यांनी मिटले.

‘‘डावा पाय क्लचवर ठेवा.’’

‘‘ठेवला.’’

‘‘आता दाबा. पूर्ण.’’

‘‘घे. दाबला. झाली परीक्षा?’’

मागून ताईचा आवाज आला. अगदी हळू, जणू कुणी झोपलं होतं. ‘‘अरे, भिंत लाल झाली.’’

‘‘काय लाल झालं?’’ भावोजींनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं. ते अजून हसत होते.

‘‘आता पाय काढा. खाली ठेवा.’’

‘‘काढला.’’

भिंत लालच होती.

‘‘काढला म्हणतोय ना!’’

‘‘डोळे उघडा.’’

त्यांनी उघडले. आधी आरशात बघितलं. पांढऱ्या भिंतीवर लाल उजेड पसरला होता आणि त्यात ताई उभी होती, तोंडावर हात ठेवून. मग त्यांनी खाली बघितलं. पाय ब्रेकवर होता. ते त्याच्याकडे बघत राहिले, आणि पाय, जसा काही त्याला कुणी विचारलंच नव्हतं, तसाच पडून राहिला. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी विजार धरून तो उचलला आणि बाजूला ठेवला. भिंत विझली.

समोरच्या खिडकीत कुणीतरी विचारत होतं, काय झालं, काय झालं.

‘‘म्हणजे कन्व्हर्टर?’’

‘‘चांगला आहे.’’

‘‘तू गाडीवर घातलंस.’’

‘‘हो.’’

‘‘आणि मी हिला घेऊन घाटात शिरलो असतो.’’

‘‘हो.’’

‘‘पोरीला मागे झोपवून.’’

मिस्त्रीनं किल्लीसाठी हात पुढे केला.

भावोजींनी किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

रविवारी करडी गाडी निघाली. मिस्त्री चालवायला, भावोजी शेजारी. मागची सीट उशा लावून रिकामी. सरळ रस्त्यावर साठ झाले आणि भावोजींनी मान कलती करून कान दिला.

‘‘आता बघ,’’ ते म्हणाले.

काही नाही.

‘‘तो पूल गेला ना, की सुरू होते.’’

पूल गेला. गाडी सायीसारखी.

‘‘थोडं वाढव.’’

मिस्त्रीनं वाढवलं. भावोजींनी डॅशबोर्डवर हात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा, आणि पुटपुटले, ‘‘हल की गं एकदा.’’ मिस्त्रीनंही मनातल्या मनात तेच म्हटलं. गाडी दोघांचंही ऐकायला तयार नव्हती. घाटाच्या चढापर्यंत भावोजी कान देऊन बसले होते. मग त्यांनी हात काढून घेतला.

दवाखान्यात भाचीचे कागद होईपर्यंत मिस्त्रीनं त्यांना दुसऱ्या दारात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या. भावोजींनी त्यांनाही हसवलं, जिभेवरच्या साखरेचा विनोद ऐकवला. मग बाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि पेनाचं टोक तळव्याला लावत विचारलं, कुठे लागतंय सांगा. भावोजी म्हणाले, अंगठा. टोक टाचेवर होतं. ते म्हणाले, आता टाच. टोक कुठेच नव्हतं. बाईंचं हसू आपोआप मावळलं. त्यांनी पट्टी सोडली, दुसरं बोट दाबून बघितलं, वास घेतला. मिस्त्रीनं तेलाची पट्टी नाकाशी धरली होती तसाच. पण त्यांना हवा नसलेला वास आला असावा.

‘‘कधीपासून आहे हे?’’

भावोजींनी मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीनं जमिनीकडे.

‘‘आज राहता का इथेच?’’

‘‘पोरीला घरी सोडतो,’’ भावोजी म्हणाले. ‘‘उद्या येतो.’’

‘‘उद्याच या. परवा नको. आणि राहायच्या तयारीनं या.’’

परतीच्या वाटेवर भाची मागे आडवी होती, उशांत खोचलेली, औषधानं गुंगलेली. मिस्त्री घाटाची वळणं अशी घेत होता, जसं भरलेलं भांडं डोक्यावर आहे. भावोजी मधूनच सांगायचे, ‘‘पुढे खड्डा आहे, डावीकडे. आता हळू.’’ खड्डा असायचा. एकही चुकला नाही. घाट खरंच त्यांना पाठ होता. पायात नसेल, पण होता.

अर्ध्यावर मागून आवाज आला. ‘‘मामा, गाडी मस्त केलीस रे. आई फोनवर म्हणत होती, फार थरथरते. काय झालं होतं हिला?’’

मिस्त्रीच्या तोंडात उत्तर तयार होतं. कन्व्हर्टर. सोपं, तेलकट, कुणालाही पटणारं. त्यानं तोंड उघडलं.

‘‘गाडीला काहीच झालं नव्हतं,’’ भावोजी म्हणाले.

‘‘मग थरथरत कशी होती?’’

त्यांनी दोन्ही हातांनी डावा पाय उचलून जरा आपल्याकडे ओढून घेतला. त्यांचा तो कोपऱ्यापर्यंत पोचणारा आवाज इतका खाली आला की शेजारी बसलेल्या मिस्त्रीलाही कान द्यावा लागला.

‘‘माझा पाय होता तो.’’

‘‘काय म्हणालात बाबा? ऐकू नाही आलं.’’

‘‘घरी गेल्यावर सांगतो,’’ ते म्हणाले. ‘‘आता नीट झोप. उतार लागतोय.’’